शिक्षकासाठी ठेवलेली फट

अमेरिकेने आशियातल्या माणसांना दार लावून घेतले, तेव्हाही शिक्षकासाठी फट ठेवली. 1882च्या कायद्याने चिनी मजुरांना अडवले, शिक्षकांना नाही. 1917 साली हिंदुस्थानासह आशियाचा मोठा पट्टा वर्ज्य झाला. तेव्हाही शिक्षकांना सूट होती. 1965 साली मूळ देश पाहून ठरवलेला जुना कोटा गेला, पण अट आली: या कामाला स्थानिक माणूस मिळत नाही, हे मजूर खात्याला पटवा. 1976 साली ती शिक्षकांपुरती सैल झाली. स्थानिक उमेदवार नुसता पात्र असून भागेना, तो तोडीचा हवा.

मात्र हा अर्ज सहसा शिक्षक करत नाही, शाळा करते. मंजुरीआधी नोकरी सुटली, की बहुधा पुन्हा पहिल्यापासून. त्यात 1990च्या कायद्याने नोकरीवरचे कायम वास्तव्याचे परवाने, कुटुंबीय धरून, वर्षाला सुमारे 1,40,000 ठेवले; एका देशाला साधारण 7 टक्के. देश मोजायचा तो जन्माचा. भारतात जन्मलेल्या बाई फ्रेंच शिकवत असल्या, तरी त्यांची रांग भारताचीच, वर्षानुवर्षांची.

आमच्या घरात दखनी बोलत. मी कविता मराठीत लिहितो. भाषेने मला जन्माचा दाखला मागितला नाही. भाषेसाठी बोलावलेल्या शिक्षकाला रांगेतही तो मागू नये, एवढेच म्हणणे आहे.