अपोलो १५ टपाल पाकीट प्रकरण

अपोलो १५ टपाल पाकीट प्रकरण हे अमेरिकेच्या अपोलो १५ या चांद्रमोहिमेतील अंतराळवीरांनी १९७१ साली सुमारे ४०० स्मरणार्थ टपाल पाकिटे विनापरवाना चंद्रावर नेल्यामुळे उद्भवलेले प्रकरण होय.

पार्श्वभूमी

अंतराळात जाऊन आलेल्या पाकिटांना टपाल तिकीट संग्राहकांमध्ये मोठी मागणी असते. अंतराळवीरांना मर्यादित वैयक्तिक वस्तू सोबत नेण्याची मुभा होती. मात्र त्यांची पूर्वनोंद बंधनकारक होती. अपोलो १५ मध्ये अशी २४३ अधिकृत पाकिटे होती. शिवाय अमेरिकी टपाल खात्याच्या वतीने मोहिमेचे प्रमुख डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रपृष्ठावर एका पाकिटावर शिक्का मारला.

घटनाक्रम

जर्मनीतील तिकीट व्यापारी हर्मान झीगर यांच्यासाठी १०० पाकिटे नेण्याचे एका मध्यस्थामार्फत ठरले. त्याबद्दल स्कॉट, आल्फ्रेड वर्डेन व जेम्स अर्विन या अंतराळवीरांना प्रत्येकी सुमारे ७,००० डॉलर मिळणार होते. उर्वरित पाकिटे ते स्वतःजवळ ठेवणार होते. स्कॉट यांनी ही पाकिटे अंतराळपोशाखाच्या खिशातून नेली. त्यांवर उड्डाणाच्या दिवसाचा, २६ जुलै १९७१ चा, शिक्का होता. ७ ऑगस्ट रोजी यान समुद्रात उतरल्यावर ‘ओकिनावा’ या नौदलाच्या जहाजावर दुसरा शिक्का मारण्यात आला. झीगर यांनी आपली पाकिटे प्रत्येकी ४,८५० मार्कांना विकली.

कारवाई

विक्री झाल्याचे कळल्यावर अंतराळवीरांनी पैसे नाकारले. मुलांच्या शिक्षणासाठी ही तरतूद होती, असे त्यांचे म्हणणे होते. १९७२ साली नासाने तिघांना ठपका दिला व अपोलो १७ च्या राखीव चमूतून वगळले. तिघांपैकी कोणीही पुन्हा अंतराळात गेले नाही. अमेरिकी सिनेटच्या समितीनेही चौकशी केली. अंतराळवीरांकडील पाकिटे सरकारने ताब्यात घेतली.

पाकिटांची परतफेड

१९८३ साली नासा व टपाल खाते यांनी एसटीएस-८ या अंतराळयान मोहिमेतून अडीच लाखांहून अधिक पाकिटे विक्रीसाठी नेण्याचे ठरवले. त्यानंतर वर्डेन यांनी सरकारविरुद्ध दावा दाखल केला. न्यायालयाबाहेर तडजोड होऊन त्याच वर्षी जप्त पाकिटे परत देण्यात आली. वैयक्तिक लाभासाठी दोषास्पद ठरलेली कृती बारा वर्षांनी शासकीय उपक्रम म्हणून राबवली गेली, हा विरोधाभास या प्रकरणाच्या चर्चेत ठळकपणे पुढे येतो. ही पाकिटे आज संग्राहकांमध्ये अत्यंत मौल्यवान मानली जातात.