माग थांबतो कसा?

सोलापूरची चादर घरोघरी पोचली आहे. ती विणणारा यंत्रमाग कसा चालतो, हे शाळेच्या सहलीत मुलांना दाखवलेही जाते. तो थांबतो कसा, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. या थांबण्यालाही इतिहास आहे आणि कामगाराच्या हातापायांची सुरक्षितता त्याच्याशी जोडलेली आहे.

सोलापुरात १८७७ मध्ये सुरू झालेली कापडगिरणी पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली. त्या काळच्या गिरण्यांत प्रत्येक मागाला वेगळी मोटर नसे. एक वाफेचे इंजिन, छताखाली फिरणारे लांबच लांब शाफ्ट आणि त्यांवरून खाली आलेले चामड्याचे पट्टे, अशी रचना असे. एक माग थांबवायचा तर त्याचा पट्टा घट्ट पुलीवरून सैल पुलीवर सरकवायचा. पण शाफ्टमध्ये कोणाचे धोतर अडकले, तर निरोप इंजिनघरापर्यंत पोचायला हवा. तोवर शाफ्ट फिरतच राहणार. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कठडे घालणे आवश्यक केले, पण १०० पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यांना तो लागूच नव्हता. १९४८ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात, अडचणीच्या वेळी यंत्राची शक्ती तोडणारे साधन प्रत्येक कार्यकक्षात बसवावे आणि ते नीट राखावे, असे म्हटले होते. ‘राखावे’ हा शब्द आपण लक्षात ठेवू.

गंमत अशी, की कापड वाचवण्यासाठी माग स्वतःहून थांबायला फार पूर्वीच शिकला होता. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथे केनवर्दी आणि बुलो यांनी १८४० च्या दशकाच्या आरंभी सुधारलेल्या मागात आडव्या धाग्याची चाचणी घेणारा एक छोटा काटा होता. धागा असेल तर तो काट्याला ढकलतो आणि काट्याचा आकडा एका हालत्या दांड्यापासून दूर राहतो. धागा तुटला तर काटा ढकलला जात नाही, आकडा दांड्यात अडकतो आणि माग बंद पडतो. धोट्यासाठीही अशीच योजना असे. धोटा पलीकडच्या पेटीत पोचला तरच मागाखालचे एक पाते उचलले जाते. तो उभ्या धाग्यांत अडकला, तर पाते खालीच राहते आणि हात्या पुढे येताच समोरच्या लोखंडी ठोकळ्यावर आदळते. मोठा आवाज होऊन माग जागच्या जागी थांबतो.

या दोन्ही योजनांत एक समान गोष्ट आहे. काटा आणि पाते यांची मूळ स्थिती ‘थांब’ अशी आहे. चालत राहायचे तर प्रत्येक फेऱ्याला धाग्याने आणि धोट्याने नवी परवानगी द्यावी लागते. परवानगी आली नाही, की यंत्र बंद.

पुढे मागावर वीज आली आणि ही दिशा काही ठिकाणी नकळत उलटी झाली. उभ्या धाग्यावर टांगलेली पातळ पत्री धागा तुटताच खाली पडते, विद्युतमंडल पूर्ण होते, विद्युतचुंबक ओढला जातो आणि माग थांबतो. योजना सुटसुटीत आहे. पण त्या मंडलाची तार तुटली तर? धागा तुटूनही माग चालूच राहील. कापडाच्या बाबतीत हे नुकसान थोड्या मीटरांचे असते. माणसाच्या रक्षणासाठी मात्र असले मंडल चालणार नाही.

हा धडा रेल्वेने आधी शिकवला. तो समजण्यासाठी रिले म्हणजे काय ते पाहू. रिले हे विद्युतचुंबकाने हलणारे बटण असते. लहान प्रवाहाने मोठे मंडल जोडता-तोडता येते. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास ही कल्पना वापरली. टपालाचे थकलेले घोडे टप्प्यावर बदलत, त्यावरून हे नाव पडले. तिथल्याच विल्यम रॉबिन्सन यांनी रुळांवर गाडी आहे की नाही हे ओळखण्यासाठी १८७० मध्ये गाडी आल्यावर पूर्ण होणारे मंडल करून पाहिले. त्यात तार तुटली वा बॅटरी संपली, तर गाडी असूनही ती नसल्याचेच कळे. १८७२ मध्ये त्यांनी मांडणी उलटवली. रूळ मोकळा असताना प्रवाह सतत वाहतो आणि रिले ओढलेला राहतो. गाडीची चाके दोन्ही रुळांना जोडतात, रिलेचा प्रवाह जातो, तो खाली पडतो आणि सिग्नल धोक्याचा होतो. बॅटरी संपली, तार तुटली, तरी परिणाम तोच. सोलापुरात रेल्वे १८६० मध्येच आली होती, म्हणजे या शोधाच्या बारा वर्षे आधी. वर्गात एक बॅटरी, एक दिवा आणि एक घंटा घेऊन दोन्ही मंडले करून दाखवावीत आणि मुलांच्याच हातून तारा तोडवाव्यात. दिवा विझून बातमी देतो, घंटा मात्र गप्प राहते.

आता पुन्हा सोलापुरात येऊ. टॉवेलचे सूत रंगवल्यावर त्यातले पाणी काढणारे हायड्रो एक्स्ट्रॅक्टर हे यंत्र घ्या. समजा, त्याचा पिंप एक मीटर व्यासाचा आहे आणि मिनिटाला १००० फेरे घेतो. कडेचा वेग सेकंदाला ५२ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १९० किलोमीटर येतो. तिथले त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ५६० पट. अशा पिंपात हात गेला तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून झाकण उघडले की मोटरची वीज तुटली पाहिजे. (वीज गेल्यावरही पिंप जडत्वाने फिरत राहतो; त्यामुळे तो पूर्ण थांबेपर्यंत झाकण न उघडू देणारे कुलूपही हवेच.)

झाकणाच्या स्विचने एक साधा रिले पाडला, तर काम भागेल का? नाही. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. तो जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरचे संपर्क जुळताना किंचित उसळतात, ठिणगी पडते आणि धातू वितळून ते कधीकधी चिकटून बसतात. मग वरची आज्ञा गेली तरी मोटर चालूच. रेल्वेच्या काही रिलेंत एका बाजूला कार्बन वापरून हे चिकटणे टाळतात. कारखान्यात वेगळा मार्ग निघाला: संपर्क कधीतरी चिकटणारच असे धरून चालायचे आणि चिकटल्याचे लगेच ओळखायचे.

सेफ्टी रिलेचे मर्म हेच. जर्मनीतील पिल्झ कंपनीने १९८७ मध्ये असा तयार रिले बाजारात आणला. आत दोन रिले असतात आणि त्यांचे संपर्क एकापुढे एक जोडलेले असतात. एक चिकटला तरी दुसरा वीज तोडतो. शिवाय प्रत्येक रिलेचा काम करणारा संपर्क आणि तपासणीचा संपर्क यांत्रिकरीत्या एकमेकांना जखडलेले असतात. काम करणारा चिकटला, तर तपासणीच्या संपर्कात किमान अर्ध्या मिलिमीटरची फट राहते आणि तो जुळूच शकत नाही. पुन्हा सुरू करण्याचे बटण या तपासणीच्या संपर्कांतून, तसेच बाहेरच्या कॉन्टॅक्टरच्या तशाच संपर्कांतून जाते. म्हणून कुठेही बिघाड असला, की बटण दाबूनही यंत्र सुरू होत नाही. जुन्या मागाचे ते पाते इथे पुन्हा भेटते: परवानगी नाही, तर चालणे नाही.

अशा वेळी ‘रिले बिघडला’ अशी तक्रार येते. पुष्कळदा रिले आपले काम चोख करत असतो. झाकणाच्या स्विचमधून त्याच्याकडे दोन वेगळ्या वाटांनी संदेश येतो. दोन्ही वाटा तुटून पुन्हा जुळल्या नाहीत, तर तो अडून बसतो. रिले बदलण्यापूर्वी पुरवठ्याचा व्होल्टेज पाहावा, मग दोन्ही वाटांचे दिवे, मग स्विच. सोलापुरात स्विचमध्ये सुताची तूस साचणे आणि हादऱ्यांनी तारांचे स्क्रू सैल होणे, या दोन गोष्टी आधी तपासाव्यात. झाकण दोनदा आपटले की यंत्र सुरू होते, असे कामगार सांगत असेल, तर एक वाट नीट तुटत नाही असा संशय घ्यावा. शेवटी कॉन्टॅक्टर चिकटला आहे का ते पाहावे.

सर्वांत घातक दुरुस्ती सर्वांत स्वस्त असते: तारेचा वीतभर तुकडा. स्विचची दोन टोके त्याने जोडली की यंत्र सुरू होते, पाळी वाचते आणि झाकण उघडे असतानाही परवानगी कायमची मिळते. ऑर्डरची घाई असताना जॉबरवर असे करण्याचा दबाव येतो, हे समजण्यासारखे आहे. म्हणून दोष एकट्या त्याच्यावर टाकणे आम्हांला पटत नाही. दहापेक्षा कमी कामगारांच्या लहान शेड तर सामान्यतः १९४८ च्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहत. असा तुकडा पेटीत सापडला, तर यंत्र बंद करून तो काढावा आणि तो ज्या दिवशी लावला त्या दिवशी यंत्र कशामुळे अडले होते, हे शोधावे. तो बिघाड बहुधा अजून तिथेच असतो.