हजामतीच्या मोलात काय काय येते? बलुत्यापासून दरपत्रकापर्यंत : एक धागा

१/
एप्रिल २०१८. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये एक मॉडेल केस कापून घेण्यासाठी गेली. खालून चार इंच कापावेत असे आपण सांगितले होते. प्रत्यक्षात वरून जेमतेम चार इंच ठेवून बाकीचे उतरवले गेले, अशी तिची तक्रार होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये तिला दोन कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेत त्रुटी झाल्याच्या निष्कर्षात हस्तक्षेप केला नाही. मात्र एवढ्या रकमेला पुरेसा आधार नाही म्हणून ती रद्द केली आणि प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले.

२/
त्या बातमीवर पुष्कळ विनोद झाले. त्यातील प्रश्न मात्र गंभीर आणि जुना आहे. केस कापण्याचे मोल दिले म्हणजे नेमके काय विकत घेतले? कात्री चालवण्याचे श्रम? मनासारखे रूप? की त्या खुर्चीत बसण्याचा हक्क? महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या प्रश्नाला काळागणिक वेगळे उत्तर मिळाले आहे.

३/
प्रारंभ गावगाड्यापासून करावा लागेल. बारा बलुतेदारांच्या याद्या प्रदेशागणिक बदलतात, परंतु न्हावी त्यांत बहुधा असतोच. त्याची धोकटी हेच त्याचे दुकान. तीत वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढायची नराणी, पाण्याची वाटी, धार लावायचा दगड आणि आरसा. पाराखाली, चावडीजवळ किंवा कुणब्याच्या ओसरीवर तो बसे. गिऱ्हाईक त्याच्याकडे जाण्यापेक्षा तोच गिऱ्हाइकाच्या दारी जाई.

४/
प्रत्येक हजामतीला पैसे द्यावेत अशी रीत नव्हती. वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा ठरीव वाटा घ्यायचा, हे बलुते. कोठे पेंढ्यांच्या रूपाने, कोठे मापाने. हा वाटा कुणब्याची जमीन, नांगर आणि गावची वहिवाट यांवर ठरे. किती वेळा दाढी केली आणि किती सुबक केली, यावर नव्हे.

५/
मग त्या धान्यात काय काय येई? डोके आणि दाढी करणे, शेंडीभोवतीचा घेरा राखणे, नखे काढणे हे उघडच. त्याखेरीज अंग रगडणे, डोक्याला तेल चोळणे, पाटलाकडे पाहुणा आला तर त्याचे पाय चेपणे, रात्रीच्या वरातीत मशाल धरणे, सोयऱ्यांकडे निरोप पोहोचवणे. गावोगावी ही यादी कमीजास्त होई. पण कोणते काम मोलात आले आणि कोणते जादा, हे न्हावी ठरवत नसे.

६/
काही प्रसंगांना स्वतंत्र मान होता. बाळाचे जावळ, मुंज, लग्नात नवरदेवाची श्मश्रू, घरात मृत्यू झाल्यावरचे क्षौर. अशा वेळी धान्य, नारळ, वस्त्र किंवा नाणे मिळे. त्याला बक्षीस म्हणणे चुकीचे ठरेल. तो हक्क होता. यजमानाने तो बुडवला तर न्हावी गावापुढे गाऱ्हाणे मांडू शके.

७/
आता गिऱ्हाइकाचे गाऱ्हाणे. वाईट हजामत तेव्हाही होत असे, याची साक्ष मराठी भाषाच देते. एखाद्याची निर्दय खरडपट्टी काढली की त्याची 'बिनपाण्याने हजामत' झाली असे आपण म्हणतो. पाण्याने केस नीट न भिजवता कोरडाच वस्तरा फिरवला की कातडी सोलवटते. पाणी लावणे हे कामातच धरलेले आहे आणि ते टाळणे हा अन्याय आहे, ही गिऱ्हाइकाची जाणीव त्या वाक्प्रचारात टिकून राहिली. ओबडधोबड केस कापण्याला तर 'भादरणे' हा तुच्छतादर्शक शब्दच आहे.

८/
मात्र नाराज गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाण्याची वाट अरुंद होती. न्हावीपण हे वतन होते. ते बापाकडून मुलाकडे जाई, भावांत वाटले जाई. अमुक घरे अमुक न्हाव्याची, हे ठरलेले असे. गिऱ्हाइकाला न्हावी बदलता येत नव्हता आणि न्हाव्याला गिऱ्हाईक. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे आणि तिच्यावर टीकाही आहे. मोबदल्याचा कामाच्या मापाशी संबंध तुटला की शेतकऱ्यावर भार पडतो आणि कारागिराचे कसबही वाढत नाही, हा त्या टीकेचा गाभा.

९/
मोल देणाऱ्याचा रोष किती जड असे, ते संत सेना न्हावी यांच्या आख्यायिकेत दिसते. महिपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ती येते. राजाचे बोलावणे आले तेव्हा सेना पूजेत मग्न होते. विलंबाने राजा संतापला. तेव्हा देवच सेनांचे रूप घेऊन, धोकटी काखेला मारून राजवाड्यात गेला. त्याने श्मश्रू केली, तेल लावले, आणि राजाला वाटीतील तेलात भगवंताचे दर्शन घडले.

१०/
भक्ताची महती सांगणारी ही कथा इतिहास म्हणून वाचता येणार नाही. परंतु तिने गृहीत धरलेले जग खरे आहे. बोलावणे येताच हातातले काम टाकून जाणे हेही न्हाव्याच्या मोलात मोडत होते. त्याच्या वेळेवर त्याची मालकी नव्हती. म्हणून भक्ताला वाचवायला देवालाच वस्तरा हाती घ्यावा लागला.

११/
याच सेवेची दुसरी बाजू म्हणजे ती नाकारण्याची ताकद. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले की 'न्हावी-धोबी बंद' होई. वाढलेली दाढी आणि मळके कपडे ही बहिष्कृताची दुरून दिसणारी खूण. ज्याच्या घरी न्हावी येत नाही, त्याच्या घरी सुतक फिटण्याचे क्षौर नाही आणि लग्नाची तयारीही नाही. वस्तरा हे प्रतिष्ठेचे साधन होते. म्हणूनच ते शिक्षेचेही साधन झाले.

१२/
वाळीत टाकलेल्याला दंड भरून परत येता येई. अस्पृश्य मानलेल्यांना तीही वाट नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर टिपणांत साताऱ्यातील बालपणाची आठवण नोंदवली आहे. घरातील मुलांचे केस त्यांची थोरली बहीण कापत असे. कापून कापून तिचा हात त्यात बसला होता. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही. न्हाव्याला द्यायला पैसे नव्हते असेही नाही. वडील सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार होते. कारण एकच होते. कोणताही न्हावी त्यांचे केस कापण्यास तयार नव्हता.

१३/
मोलाचा विचार करणाऱ्याने येथे थांबावे. पैसा आहे, कारागीर आहे, गरज आहे. तरीही व्यवहार होत नाही. सेवा वाईट मिळाली अशी तक्रार करण्यासाठी आधी सेवा मिळावी लागते. साताऱ्यातील त्या मुलांना वाईट हजामतीची तक्रार करण्याची संधीही नव्हती.

१४/
न्हाव्याचीही अडचण होती. त्याने अस्पृश्यांचे केस कापले तर उरलेला गाव त्याचा वस्तरा विटाळला म्हणे आणि त्याचे बलुते बंद करी. म्हणजे कुणब्याने दिलेल्या धान्यात एक न बोललेली अट होती: हा वस्तरा अमुक माणसांना लागणार नाही. ही अट न्हाव्याने एकट्याने घातली नव्हती, पण तिची अंमलबजावणी त्याच्या हातून होत असे.

१५/
त्याच हातांकडून आणखी एक काम करून घेतले जाई. ब्राह्मण आणि अन्य काही जातींत नवरा मेल्यावर स्त्रीचे केशवपन करण्याची रूढी होती. ते एकदाच करून भागत नसे. केस वाढले की पुन्हा वस्तरा. कित्येकदा समोर बसवलेली विधवा कोवळ्या वयाची मुलगी असे. मोल घरातील कर्ते देत. तिची संमती कोणी विचारत नसे आणि न्हाव्याचीही नाही.

१६/
१८९० मध्ये मुंबईत याला एक अपूर्व उत्तर मिळाले. 'दीनबंधु'चे संपादक आणि १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. 'न्हाव्यांचा संप' म्हणून तो इतिहासात ओळखला जातो.

१७/
या संपाची मागणी पाहण्यासारखी आहे. त्यात मजुरी वाढवून मागितली नव्हती. आमच्या कामात काय येते आणि काय येत नाही हे आम्हीही सांगू, हे त्याचे सार होते. साताऱ्यात नकार हे विषमतेचे हत्यार होते. मुंबईत तोच नकार अन्यायाविरुद्ध उभा राहिला. फरक नकारात नव्हता. तो कोणाला छळण्यासाठी आहे आणि कोणाला सोडवण्यासाठी, यात होता.

१८/
मुंबईत हे शक्य झाले त्याला आणखी एक कारण आहे. शहरात खळे नव्हते. गिरणी, गोदी, रेल्वे यांमुळे लोटलेल्या गर्दीत न्हाव्याला रोख पैसे मिळत. आज आलेला गिऱ्हाईक उद्या येईलच असे नव्हते. पदपथावर विटेवर बसून चालणारा धंदा हळूहळू गाळ्यात शिरला. खुर्ची आली, समोरासमोर आरसे आले, 'हेअर कटिंग सलून' अशी पाटी आली. आणि भिंतीवर एक कागद लागला: दरपत्रक.

१९/
दरपत्रक हा सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज मानला पाहिजे. कटिंग, दाढी, मालिश यांपुढे वेगवेगळे आकडे. जे लिहिले तेवढेच काम, आणि जो आकडा तोच सर्वांना. पाहुण्याचे पाय चेपणे आणि मशाल धरणे त्या कागदावर नाही. पाटलाचा वेगळा दरही नाही. बलुत्याच्या अमर्याद यादीतून सुटण्याची ही न्हाव्याची पावती होती. विसाव्या शतकात बदलत्या पात्यांचा सेफ्टी रेझर घरोघरी पोहोचला, दाढी घरी होऊ लागली आणि सलूनचा भर केस कापण्यावर आला.

२०/
पण दरपत्रक लावल्याने दार उघडतेच असे नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुद्यातील नवव्या अनुच्छेदावर चर्चा झाली. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश करताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, अशी ती तरतूद. आजचा अनुच्छेद १५(२). 'दुकान' या शब्दाची व्याप्ती किती, हा प्रश्न पुढे आला. वस्तू विकणारी जागा तेवढीच, की जेथे श्रम विकत मिळतात ती जागाही?

२१/
उत्तर देणारे होते डॉ. आंबेडकर. त्यांचा खुलासा असा की हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे: जो कोणी सेवा घेण्यास येईल त्याला मालक सेवा देण्यास तयार आहे, अशी कोणतीही जागा म्हणजे दुकान. हक्क नुसता उंबरा ओलांडण्याचा नाही. अटी मान्य असतील तर सेवा मिळण्याचा आहे. ज्यांचे केस साताऱ्यात बहिणीला कापावे लागले, त्यांनीच ही व्याख्या देशापुढे मांडली.

२२/
१९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने संदिग्धता उरू दिली नाही. त्याच्या व्याख्याकलमात 'दुकान' या शब्दाखाली लाँड्री आणि केस कापण्याचे सलून यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हाच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. कायदा झाल्यावरही अनेक खेड्यांत वेगळी कात्री, वेगळा टॉवेल किंवा सरळ नकार चालूच राहिला. काही ठिकाणी तो अजून संपलेला नाही.

२३/
यानंतरचे प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत. एड्सविषयीच्या जागृतीनंतर 'नवीन ब्लेड लावा' हे वाक्य सलूनमध्ये सर्रास ऐकू येऊ लागले. ब्लेड दरात धरले आहे की वेगळे? केस धुण्याचे पैसे आधी का सांगितले नाहीत? न मागता मालिश करून ते बिलात का घातले? १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'सेवा' आणि तीतील 'त्रुटी' या कल्पना दिल्या, आणि अशा गाऱ्हाण्याला न्यायाधिकरणाचे दार मिळाले.

२४/
म्हणून दिल्लीतील त्या चार इंचांच्या खटल्याकडे थट्टेने पाहणे योग्य नाही. रक्कम किती असावी यावर दुमत होऊ शकते. परंतु एक स्त्री आपल्या केसांविषयी सांगते, ते ऐकले गेले नाही म्हणून दाद मागते आणि देशाचे सर्वोच्च न्यायालय तिचे म्हणणे ऐकते. केशवपनासाठी बसवलेल्या मुलीला कोणी काही विचारलेही नव्हते. या दोन प्रसंगांत सव्वाशे वर्षांहून थोडे अधिक अंतर आहे.

२५/
हजामतीच्या मोलात काय यावे, याचे उत्तर हा इतिहास देतो. भिजवलेले केस, स्वच्छ पाते आणि सांगितले तेवढेच कापणे, हे गिऱ्हाइकाचे. ठरलेले काम, ठरलेला दाम आणि ठरल्याबाहेरच्या कामाला नाही म्हणण्याची मोकळीक, हे कारागिराचे. आणि या दोहोंच्या आधी, दरपत्रकावर कोठेही छापलेली नसलेली एक गोष्ट: येणाऱ्या प्रत्येकासाठी तीच खुर्ची, तोच टॉवेल, तीच कात्री.

पुढच्या वेळी केस मनासारखे कापले गेले नाहीत, तर तक्रार अवश्य करावी. तो हक्क मिळवायला फार काळ लागला आहे.

(धागा समाप्त)