शेळीने सोडलेलं झुडूप

सर्दी-खोकल्याच्या सिरपवर बारीक अक्षरांत एक नाव असतं: ब्रोमहेक्सिन. त्याचं मूळ आमच्या गावच्या कुंपणात आहे, हे मला फार उशिरा कळलं.

कुंपणातला तो अडुळसा. फूल पांढरं, जबडा उघडल्यासारखं. म्हणून संस्कृतात ‘सिंहास्य’. दुसरं नाव ‘वासा’. पान इतकं कडू, की शेळीही तोंड लावत नाही. तमिळमध्ये तर नावच ‘आडातोडै’. ‘आडु’ म्हणजे शेळी. ती शिवत नाही ते. लिनियसने १७५३ मध्ये हेच नाव शास्त्रात नेलं: जस्टिशिया अधातोडा.

१८८८ मध्ये डेव्हिड हूपर यांनी पानांतून एक अल्कलॉइड वेगळं काढलं. ‘वासा’वरून त्याचं नाव पडलं व्हॅसिसिन. पुढे त्याच रेणूच्या आधाराने प्रयोगशाळेत ब्रोमहेक्सिन घडलं आणि १९६३ मध्ये बाजारात आलं. चिकट कफ पातळ करणं हे त्याचं काम.

आजी पानं वाफवून रस काढायची, मधातून चाटवायची. काम तेच.

व्हॅसिसिनमध्ये निदान ‘वासा’ होता. ब्रोमहेक्सिनमध्ये तोही उरला नाही. आम्ही दुसऱ्याचा ओपन सोर्स कोड वापरला, तर लायसन्समध्ये मूळ लेखकाचं नाव ठेवतो. सिरपच्या बाटलीवर अशी एक ओळ मी अजून शोधतो.