चुकलेली ठिणगी

मोटारींच्या इतिहासात कटंगीचे नाव शोधू गेल्यास ते सापडावयाचे नाही. तेथे मोटारींचा कारखाना नाही की शर्यतीचे मैदान नाही. परंतु कटंगीच्या शेजारी तिरोडीस मँगनीजच्या खाणी आहेत. आणि सीमेपलीकडे, भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे निघणारे याच जातीचे खनिज कोरड्या बॅटऱ्यांच्या कामी येते. या टापूतील बहुतेक मँगनीज पोलादाच्या भट्टीत जाते, हे खरे. तरीही या धातूचा एक अल्पसा अंश निकेलमध्ये मिसळला जातो आणि त्या मिश्रणाच्या काड्या मोटारीच्या स्पार्क प्लगात बसतात. दोन काड्यांमधील केसाएवढ्या फटीत ठिणगी पडली तर गाडी चालते, न पडली तर मालकाचे चित्त ठिकाणावर राहत नाही.

ही ठिणगी वेळेवर पाडण्याची विद्या सहजासहजी साधलेली नाही. १८६० साली फ्रान्समध्ये लन्वार याने आपल्या वायूच्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली. पुढे बेंझनेही विजेचाच मार्ग धरला, आणि प्रज्वलन ही सर्वांत बिकट समस्या असल्याचे तो मानीत असे. डायम्लरने मात्र विजेच्या वाटेला न जाता तापलेल्या नळीवर भिस्त ठेवली. १८९७ साली रॉबर्ट बॉश याने मोटार-सायकलीच्या जातीच्या एका तीनचाकीला मॅग्नेटो बसविला आणि १९०२ मध्ये त्याचा सहकारी होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. अमेरिकेत केटरिंग याने बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांची जोडणी कॅडिलॅक गाडीवर आणली. हीच जोडणी पुढे सुमारे सहा दशके जगातील बहुतेक पेट्रोल गाड्यांनी मान्य केली.

या पद्धतीचे गुणदोष ज्यांत विशेष उघडे पडतात, त्या गाड्यांपैकी एक म्हणजे १९४५ ते १९४९ या काळात ऑक्सफर्डजवळ तयार झालेली एम्. जी. टी. सी. ही दोन आसनांची खेळगाडी. तिच्या चार सिलिंडरांचे इंजिन अवघे १२५० घनसेंटिमीटरचे. असले इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेऊ लागले म्हणजे पॉइंट दर सेकंदाला १०० वेळा उघडतात, आणि तितक्याच वेळा बॅटरीच्या बारा व्होल्टांतून हजारो व्होल्टांचा झटका निर्माण व्हावा लागतो. यांतील एखादा झटका चुकला की गाडी अडखळते. गॅरेजमधील बोली भाषेत ‘मिसिंग मारते’ म्हणतात ते हेच.

आता गंमत अशी की, मिसिंग ऐकताच मालकाचा हात प्रथम कार्ब्युरेटरकडे जातो. पेट्रोलात कचरा आहे, जेट तुंबले आहे, अशी त्याची खात्रीच होते. आणि दोन तासांत चांगला चाललेला कार्ब्युरेटर बिघडवून ठेवण्याचे कार्य पार पडते. कुशल मिस्त्री घाई करीत नाही. तो आधी कान देतो. चुक ठरावीक ठेक्यावर येते की वाटेल तेव्हा? ठेक्यावर आली तर एकच सिलिंडर मेलेला असण्याचा संभव अधिक. मग तो लाकडी मुठीच्या पेचकसाने एकेका प्लगची ठिणगी जमिनीला जोडून पाहतो. जिवंत सिलिंडर बंद केला की इंजिनचा सूर लगेच खाली येतो. जो बंद करूनही सूर बदलत नाही तोच अपराधी. तो प्लग काढून पाहावा: फिकट तपकिरी असेल तर प्रकृती ठीक, काजळीने काळा असेल तर मिश्रण जड, आणि पेट्रोलाने ओला असेल तर ठिणगी पोचतच नाही.

पावसाळी सकाळी बिघडणारी गाडी दुपारी सुधारली तर डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल किंवा बारीक चीर असावी. अशा वेळी रात्री, अंधारात, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर वायरींवरून निळसर ठिणग्या धावताना प्रत्यक्ष दिसतात. टी. सी.च्या बाबतीत आणखी एक खोच आहे. तिच्या सिलिंडरांचा प्रज्वलनक्रम १, ३, ४, २ असा. म्हणजे तिसऱ्याची ठिणगी झाली की लगोलग शेजारच्या चौथ्याची पाळी. त्यांच्या वायरी एकाच जुडग्यात बांधल्या तर एकीतील विजेचा परिणाम दुसरीवर होऊन चौथ्यात अवेळी ठिणगी पडू शकते. नीटनेटकेपणाची हौस असलेल्या मालकाने वायरी सुबक बांधाव्या आणि नेमके त्यानेच इंजिनाला धक्के बसावे, हा अनुभव दुर्मीळ नाही. वायरी थोड्या दूर ठेवणे एवढाच उपाय.

सर्वांत फसवा अपराधी म्हणजे कंडेन्सर. हा बोटाएवढा डबा पॉइंटांवरील चमक आवरतो. तो क्षीण झाला की पॉइंट जळतात, ठिणगी निळी न राहता पिवळट पडते, आणि हे सारे पुष्कळदा इंजिन तापल्यावर. अर्ध्या तासाने गाडी बंद, थंड झाली की पुन्हा चालू. म्हणून मालक पुन्हा पेट्रोलालाच दोष देतो. शंका आल्यास दुसरा भरवशाचा कंडेन्सर डिस्ट्रिब्यूटरच्या बाहेर बांधून गाडी तापेपर्यंत फिरवावी. दोष गेला तर निदान झाले. एका वेळी एकच भाग बदलावा. सगळेच एकदम बदलले तर दोष जातो खरा, पण तो कोठे होता हे कळत नाही, आणि नव्यापैकी एखादा सदोष निघाला की शोध पहिल्यापासून सुरू होतो.

मुंबईची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निघून गेली, आणि पॉइंट घासून त्यांची फट पत्तीने मोजण्याचे रोजचे काम असलेल्या गाड्यांपैकी मोठा ताफा तिच्याबरोबर गेला. आताच्या गाडीत चुकलेल्या ठिणगीची नोंद संगणक घेतो आणि सिलिंडरचा क्रमांकही सांगतो. जुन्या गाडीला असा सांगणारा कोणी नाही. तिच्यासाठी नव्याने बनणारे कंडेन्सर तर जुन्यांहून लवकर दगा देताना आढळतात; म्हणून जाणते मालक उतरविलेला पण चालता असा जुना कंडेन्सर टाकून देत नाहीत, कागदात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवतात.