मेलेल्या जंतूंचा वारसा

परवा मेडिकलमध्ये उभा होतो. माझ्या पुढच्या गृहस्थांनी सांगितलं, "सर्दी हटत नाहीये, जरा पॉवरची गोळी द्या." चिठ्ठी कुणी मागितली नाही. कात्रीने अमॉक्सिसिलिनची पट्टी कापली आणि दोन कॅप्सूल पुढे आल्या. मी गप्प बसलो. बोलणार कोणत्या तोंडाने? मीही असं कित्येकदा घेतलंय. पण घरी आल्यावर एक जुनी हकीकत डोक्यातून जाईना. तीच आज सांगतो.

साल १९२८, लंडन. पहिल्या महायुद्धानंतरच्या फ्लूच्या साथीत न्यूमोनियाने अतोनात माणसं गेली होती. तिथल्या सरकारी आरोग्य खात्यातले फ्रेडरिक ग्रिफिथ न्यूमोनियाच्या जंतूंचा, म्हणजे न्यूमोकॉकसचा, अभ्यास करत होते. त्यांच्याकडे दोन प्रकार होते. एकाच्या अंगावर साखरेसारख्या पदार्थाचं गुळगुळीत कवच, तो उंदराला मारायचा. दुसरा बिनकवचाचा, खडबडीत, निरुपद्रवी.

ग्रिफिथ यांनी कवचवाले जंतू उष्णता देऊन मारले. हे मेलेले जंतू उंदराला टोचले, काही झालं नाही. मग मेलेले कवचवाले आणि जिवंत बिनकवचाचे एकत्र टोचले. उंदीर मेला! त्याच्या रक्तात कवचवाले जंतू सापडले, तेही जिवंत. त्यांची पुढची पिढीसुद्धा कवच घेऊनच जन्मली. म्हणजे मेलेल्याकडून जिवंताकडे काहीतरी गेलं होतं.

ते "काहीतरी" काय, हे ग्रिफिथ यांना कळलं नाही. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात ते गेले. उत्तर मिळालं १९४४ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. ओस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी मेलेल्या जंतूंचा अर्क घेऊन त्यातला एकेक पदार्थ नष्ट करून पाहिला. प्रथिनं नष्ट केली, तरी बदल होतच राहिला. डीएनए नष्ट केला आणि खेळ थांबला. आनुवंशिकतेचं द्रव्य डीएनए आहे, याचा हा पहिला भक्कम पुरावा. एव्हरींना नोबेल मात्र मिळालं नाही.

जंतू हे करतो कसं? मेलेल्या शेजाऱ्याचा डीएनए आजूबाजूला पडलेला असतो. न्यूमोकॉकस त्याचा तुकडा पकडतो, दोन धाग्यांपैकी एक फोडून टाकतो आणि दुसरा आत ओढतो. स्वतःच्या डीएनएत त्याच्याशी जुळणारी जागा सापडली, की जुना भाग काढून नवा बसवतो. म्हणून जवळच्या नात्यातल्या जंतूंचा माल त्याला सहज चालतो.

आता पुढचा भाग नीट वाचा. १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णालयांत पेनिसिलिनसकट अनेक औषधांना दाद न देणारा न्यूमोकॉकस सापडला. पुढे अशा जंतूंची जनुकं तपासली, तेव्हा ती गोधडीसारखी निघाली, ठिगळं लावलेली. पेनिसिलिन ज्या प्रथिनांवर घाव घालतं, त्यांच्याच जनुकांत परके तुकडे होते. ते आले कुठून? आपल्या घशात एरवी निमूट राहणाऱ्या चुलत जंतूंकडून. ग्रिफिथ यांच्या उंदरातला जुनाच डाव!

म्हणून ती कापलेली पट्टी मला टोचते. साधी सर्दी विषाणूची. तिच्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. पण त्या दोन कॅप्सूल घशातल्या गरीब जंतूंवर चालतात. त्यातले दाद न देणारेच उरतात आणि वाढतात. त्यांनी आपलं काही बिघडवलं नाही, तरी त्यांची जनुकं तिथे तयार असतात. उद्या न्यूमोकॉकस आला, तर त्याला सगळं शून्यातून शिकावं लागत नाही, शेजारून उचललं की झालं. आणि तो खोकल्यातून पोचणार घरातल्या तान्ह्या बाळाकडे, नाहीतर आजीकडे.

कायद्याने अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पाकिटावरची लाल रेघ ओळखा, म्हणून सरकारने २०१६ मध्ये मोहीमही काढली. रेघ आहे, पण बघतो कोण? दुकानदाराने विचारावं, औषध प्रशासनाने तपासावं, हे खरंच. पण "पॉवरची द्या" म्हणणारे आपणच ना?

डॉक्टरांनी दिलं तर जरूर घ्या, सांगितलंय तसंच घ्या. गरज असेल तेव्हा हेच औषध जीव वाचवतं. तेव्हा ते चालायला हवं, एवढंच म्हणणं आहे.

तुमच्याकडच्या दुकानात चिठ्ठी मागतात का? खरं खरं सांगा.