शेबेश यांची गुरुदक्षिणा

कारखान्यातला जुना कारागीर आपल्या उस्तादाचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो, हे आम्ही उमेदवारीच्या दिवसांपासून पाहत आलो. शाळेच्या पायऱ्या फारशा न चढलेल्या आमच्यासारख्यांना विद्या मिळाली ती अशाच माणसांकडून. म्हणून फुटबॉलच्या इतिहासातील एक गुरुपरंपरा आज आपल्यापुढे मांडावीशी वाटते.

गुस्ताव शेबेश हे हंगेरीच्या राष्ट्रीय संघाचे शिक्षक. जन्म १९०६ सालचा, बुडापेस्टमधील एका जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या घरी. तरुणपणी पॅरिसच्या रेनॉ मोटार कारखान्यात त्यांनी काम केले आणि कामगारांची संघटनाही बांधली. आमच्या बिरादरीतला माणूस म्हणून आमचा त्यांच्याकडे ओढा अधिक, हे कबूल करतो. पुढे ते बुडापेस्टच्या एम.टी.के. क्लबात खेळू लागले.

त्या क्लबात एका इंग्रजाने पेरलेले बी रुजले होते. जिमी होगन हे लँकशायरचे, जन्म १८८२ सालचा. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ते व्हिएन्नात होते. शत्रुदेशाचे नागरिक म्हणून अडकले. एम.टी.के.ने त्यांना बुडापेस्टला आणून पोरांना शिकवावयास लावले. त्यांची शिकवण साधी: चेंडू जमिनीवर ठेवा, जवळच्या सोबत्याला द्या, आणि देताक्षणी स्वतः मोकळ्या जागी धावा. युद्ध संपून मायदेशी परतल्यावर त्यांच्या वाट्याला सत्कार आला नाही. युद्धकाळ शत्रूच्या मुलखात काढला म्हणून संशय आला.

या पायावर पुढचा मजला चढविला मार्तोन बुकोवी यांनी. तेही एम.टी.के.चेच शिक्षक. त्या काळी आघाडीच्या ऐन मध्यावर एक धिप्पाड खेळाडू उभा असे आणि प्रतिपक्षाचा मधला बचावपटू त्याला चिकटून राही. बुकोवींनी हा मधला खेळाडू मुद्दाम मागे ओढला. आता बचावपटूने करावे काय? त्याच्या मागे जावे, तर गोलासमोर खिंडार पडते. जागेवर राहावे, तर तो मोकळा सुटून खेळाची सूत्रे हलवितो. शेबेश यांनी ही युक्ती उचलली आणि राष्ट्रीय संघात ते काम पुढे नांदोर हिदेगकुती यांच्याकडे आले. १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे सुवर्णपदक हंगेरीने जिंकले.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडशी सामना ठरला. शेबेश आधी जाऊन मैदान पाहून आले, इंग्रजी बनावटीचे चेंडू आणून सराव करविला, आणि वाटेत पॅरिसला रेनॉच्या कामगारसंघाशी खेळवून मगच संघ लंडनला नेला. सामना सुरू होऊन मिनिटही झाले नव्हते तोच हिदेगकुतींनी गोल केला. इंग्लंडचा मधला बचावपटू हॅरी जॉन्स्टन मागे जावे की थांबावे, या पेचातून शेवटपर्यंत सुटला नाही. हिदेगकुतींनी तीन गोल केले. हंगेरी ६, इंग्लंड ३. ब्रिटिश बेटांबाहेरील संघाकडून इंग्लंडचा घरच्या मैदानावरील हा पहिलाच पराभव. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला ७-१.

विजयानंतर शेबेश म्हणाले की, आम्ही होगन यांनी शिकविले तसे खेळलो. आमच्या फुटबॉलच्या इतिहासात त्यांचे नाव सोन्याच्या अक्षरांनी लिहावे. एकाहत्तर वर्षांचे होगन त्या दिवशी वेम्बलीतच, प्रेक्षकांत बसलेले होते.

या यशामागे सरकारी सत्ताही होती, हे लपविण्यात अर्थ नाही. शेबेश क्रीडाखात्याचे उपमंत्री होते. उत्तम खेळाडू लष्कराच्या होनवेद क्लबात गोळा करता आले ते त्यामुळेच. तीच सत्ता उलटलीही. १९५४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना हंगेरीने पश्चिम जर्मनीशी ३-२ असा गमावला आणि १९५६ साली शेबेश यांच्याकडून संघ गेला.

द्रोणाचार्यांनी एकलव्याचा अंगठा मागितला, ती गोष्ट आपण सारे जाणतो. होगन यांनी काहीच मागितले नव्हते. शेबेश यांना सारे श्रेय स्वतःकडे ठेवता आले असते; विचारणारे कोणी नव्हते. संघटनेच्या कामात एकाने जुळविलेली माणसे आणि दुसऱ्याने केलेले भाषण, यांत नाव भाषणाचेच होते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले, क्वचित केलेही. म्हणून वेम्बलीच्या सहा गोलांपेक्षा शेबेश यांचे ते शब्द आम्हांस अधिक मोलाचे वाटतात.